खडे गेल्यानंतरचं पोट

पित्ताशयाचं ऑपरेशन करून माणूस घरी येतो तेव्हा औषधांबरोबर एक छोटी प्लास्टिकची बाटली आणतो. तिच्यात खडे असतात. कुणाचे मोहरीएवढे, कुणाचे बोराएवढे. पिवळे, काळपट, कधी पैलू पाडल्यासारखे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली दाखवली जाते. हे सगळं पोटात होतं, म्हणून हळहळ होते, आता सुटलीस म्हणून समाधान होतं. त्यानंतर जे सुरू होतं ते मात्र कुणी दाखवत नाही. सकाळचा चहा पोटात गेला न गेला तोच संडासकडे धावावं लागतं. दुपारी जेवून उठलं की अर्ध्या तासात पुन्हा तेच. पोट फुगतं, करपट ढेकरा येतात, उजव्या बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. हे बाई सासूला सांगत नाही आणि पुरुष डॉक्टरांसमोर बसला की ‘पोट जरा बिघडतं’ एवढ्यावर उरकतो. असे महिने जातात, काहींची वर्षं जातात. ही पुस्तिका त्या महिन्यांविषयी आणि त्या वर्षांविषयी आहे.

ती पोफळीत बसून लिहिली आहे आणि पोफळी, शिरगाव, मुंढे, कोळकेवाडी, अलोरे या पट्ट्यातले लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. इथल्या माणसाचं पोट बिघडलं तर काय होतं हे मुंबईत बसून कळत नाही. चिपळूणला तालुक्याच्या कामासाठी जायचं तर एस.टी.; कराडला मोठ्या तपासणीसाठी जायचं तर कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण करत जायचं. घाटात गाडी थांबवता येत नाही. ज्याला जेवल्यावर कधी धावावं लागेल याचा नेम नाही, तो माणूस प्रवासाच्या दिवशी काही खातच नाही. पाळीवर काम करणाऱ्याला जागा सोडून उठता येत नाही. पावसात लावणीला उतरलेल्या बाईला शेताच्या बांधावरून घर गाठायला पंधरा मिनिटं लागतात. मग ती त्या दिवशी नुसत्या चहावर राहते. लग्न, बारसं, शिमग्यातली पालखी, गणपतीत चाकरमान्यांनी भरलेलं घर, अशा सगळ्या ठिकाणांहून ही माणसं हळूहळू मागे सरतात. वजन उतरतं, अशक्तपणा येतो, आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन मानवलं नाही.

मी डॉक्टर नाही. माझीही पित्ताची पिशवी काढलेली आहे आणि या त्रासाची ओळख मला स्वतःच्या पोटापासून झाली. म्हणून या पुस्तिकेत औषध ठरवून दिलेलं नाही. आपल्या पोटात काय चाललंय हे समजून घेता यावं, ते डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगता यावं आणि उपाय आहे तिथे तो मागता यावा, एवढ्यासाठी ती आहे. कारण सर्वांत आधी सांगायची गोष्ट हीच, की हा त्रास खरा असतो, त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण शोधता येतं. ‘पिशवी काढली की असं व्हायचंच’ हे वाक्य ऐकून जी माणसं गप्प बसली, त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं. त्यातल्या अनेकांना साध्या औषधानं बरं वाटलं असतं.

पित्ताची पिशवी काय करते हे पोफळीच्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपण त्याच प्रकारच्या व्यवस्थेच्या पायथ्याशी राहतो. वर सह्याद्रीपलीकडे शिवसागरात कोयनेचं पाणी साठवलेलं असतं. संध्याकाळी राज्यात विजेची मागणी वाढली की ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं जातं. मागणी ओसरली की रोखलं जातं. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं आणि ते दिवसरात्र, न थांबता करतं. पोट रिकामं असताना त्यातलं बरंचसं पित्त पिशवीत जातं. पिशवी लहान, तीस ते पन्नास मिलिलिटरची. पण ती पित्तातलं पाणी शोषून ते पाच-दहा पट दाट करते, म्हणून थोड्या जागेत बरंच मावतं. तुपातला, तेलातला घास लहान आतड्यात पोचला की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, त्याच्या सांगण्यावरून पिशवी आकुंचन पावते आणि दाट पित्त एकदम खाली येतं. ते स्निग्ध पदार्थाचे बारीक बारीक कण करतं, मग ते पचतात. आणि जसं पोफळीच्या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी वाया न जाता कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुढच्या टप्प्याला पुन्हा वापरलं जातं, तसंच पित्तातल्या आम्लांचं होतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतला शंभरातला सुमारे पंचाण्णव हिस्सा परत शोषला जातो, रक्तातून यकृताकडे जातो आणि पुन्हा कामाला लागतो. दिवसातून हा फेरा अनेकदा होतो.

पिशवी काढली म्हणजे धरण काढलं. यकृत पूर्वीइतकंच पित्त करतं, म्हणून पचन बंद पडत नाही. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत या नव्या व्यवस्थेला सरावतं आणि त्यांना पुढे काही जाणवतही नाही. पण आता पित्त पातळ असतं आणि जेवण असो वा नसो, ते सतत आतड्यात झिरपत राहतं. काहींच्या बाबतीत लहान आतड्याला ते सगळं परत शोषून घेता येत नाही. उरलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोचतात. मोठ्या आतड्याला ती झोंबतात. ते आतून पाणी सोडतं, जोरानं आकुंचन पावतं, आणि माणूस उठून धावतो. पातळ, पिवळसर किंवा हिरवट, कधी जळजळणारे जुलाब, अचानक आलेली घाई, सकाळी आणि जेवणानंतर त्रास जास्त, ही याची ओळख. पित्ताशय काढलेल्यांपैकी शंभरात दहा-वीस जणांना काही काळ तरी जुलाबाचा त्रास होतो असं सामान्यतः मानलं जातं. बहुतेकांचा तो आपोआप कमी होतो. ज्यांचा होत नाही त्यांना ‘गॅसेस’च्या गोळ्यांनी गुण येत नाही, कारण तिथे गॅसचा प्रश्नच नसतो.

बाहेरगावच्या वाचकांनी मला अनेकदा एक प्रश्न विचारला आहे आणि गावातही तो विचारला जातो: नुसते खडे काढून पिशवी तशीच ठेवता आली नसती का? हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. एकोणिसाव्या शतकात शल्यचिकित्सक पिशवी उघडून खडे काढत आणि ती परत शिवत. खडे पुन्हा होत. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यचिकित्सकानं ४३ वर्षांच्या एका रुग्णाचं संपूर्ण पित्ताशय पहिल्यांदा काढलं. त्याचं म्हणणं असं, की पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नसते, ती खडे बनवते म्हणून काढायची. आजारी पिशवी ठेवली तर तोच आजार परत येतो. पिशवीशिवाय जगता येतं याचा दाखला निसर्गातही होता: घोड्याला पित्ताशय नसतं, आणि आपल्या कोयनेच्या रानातल्या सांबरालाही नसतं. अर्थात सांबर झाडपाला खातं. ते कोंबडीवडे खात नाही, हा फरक ध्यानात ठेवायचा.

त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन बरगडीखाली वीतभर छेद घेऊनच होत असे. माणूस आठवडाभर रुग्णालयात आणि महिना-दीड महिना घरी पडून. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केलं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी केलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ते एखाद्या श्रीमंत खासगी रुग्णालयात झालं नाही; सरकारी रुग्णालयात, सामान्य माणसावर झालं. पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचं काम उदवाडिया तिथे १९७२ पासून करत होते. हातावर पोट असलेला माणूस लवकर कामावर जाऊ शकतो, म्हणून या शस्त्रक्रियेची खरी गरज गरिबाला आहे, हा त्यांचा आग्रह आयुष्यभर राहिला. आज डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किंवा कराडला जाऊन आपल्याकडची माणसं दोन-तीन दिवसांत चार छोट्या टाक्यांनिशी घरी परततात, त्यामागे ही सगळी वाट आहे.

पण एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. जखम छोटी झाली तसा आजारही छोटा मानला जाऊ लागला. पूर्वी महिनाभर पडून असलेल्या माणसाकडे घर लक्ष देई. काय खातो, कसं पचतं, हे कुणीतरी बघे. आता तिसऱ्या दिवशी बाई चुलीपुढे उभी असते. टाके तपासायला एकदा जाणं होतं आणि तिथेच सगळं संपतं. काढलेली पिशवी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलेली असते, तिचा अहवाल आणायलाही अनेकजण जात नाहीत. तो अहवाल आणायलाच हवा. क्वचित त्यात कर्करोगाची सुरुवात सापडते आणि ती वेळेवर कळणं फार मोलाचं असतं. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी अहवाल पाहिलेला नाही, त्यांनी आधी तो मागून घ्यावा.

आता जरा अवघड भाग. पिशवी काढल्यानंतर राहिलेला प्रत्येक त्रास पिशवी काढल्यामुळे झालेला नसतो. नेदरलँड्समधल्या चोवीस रुग्णालयांत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. खडे आणि पोटदुखी असलेल्या रुग्णांची त्यांनी दोन गटांत विभागणी केली. एका गटात नेहमीच्या पद्धतीनं ऑपरेशनचा निर्णय झाला, दुसऱ्यात लक्षणं काटेकोरपणे गाळून. वर्षभरानं पोटदुखीतून पूर्ण सुटका झालेले पहिल्या गटात ६० टक्के होते आणि दुसऱ्यात ५६. म्हणजे दोन्हीकडे शंभरातल्या चाळीसेक जणांचं पोट थोडंफार दुखतच होतं. याचा अर्थ ऑपरेशन व्यर्थ असतं असा मुळीच नाही. खड्यांमुळे बरगडीखाली जीवघेणी कळ येत असेल, पिशवीला सूज आली असेल, स्वादुपिंड दुखावलं असेल, तर पिशवी काढणं हाच उपाय आहे आणि तो लांबवणं धोक्याचं. अभ्यासातून मला समजलं ते वेगळंच: सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे पोटातली प्रत्येक तक्रार खड्यांचीच, असं नसतं. अनेकांना आधीपासून आम्लपित्त असतं, जठराला सूज असते, आतड्याचा चिडखोरपणा असतो. ऑपरेशन खड्यांचं होतं आणि जुना त्रास जिथल्या तिथे राहतो. मग दोष ऑपरेशनला जातो आणि जुन्या त्रासावरचा उपाय कुणीच करत नाही.

म्हणून ऑपरेशननंतर महिने लोटले तरी पोट ठीक नसेल, तर पहिला प्रश्न हा: हा त्रास नवा आहे की आधीचाच? आधीचाच असेल तर वाट वेगळी. तिथे अन्ननलिका, जठर, आतडी यांच्या तपासण्या कामाला येतात. नवा असेल तर तो दुखण्याचा आहे की जुलाबाचा? कळ येत असेल, पूर्वीसारखीच येत असेल, तर मुख्य पित्तनलिकेत एखादा खडा मागे राहिला आहे का हे पाहावं लागतं. रक्तातली यकृताची तपासणी, सोनोग्राफी, आणि गरज पडली तर एम.आर.सी.पी. नावाचा स्कॅन यांतून ते कळतं. राहिलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो, त्याला ई.आर.सी.पी. म्हणतात. पित्तनलिका जिथे आतड्याला मिळते तिथे एक लहान झडप असते. ओडी या इटालियन संशोधकाचं नाव तिला आहे. ती नीट उघडत नसेल तरी दुखतं. इथे मात्र थोडं जपून. नलिका सामान्य आहे, रक्ततपासणी सामान्य आहे, केवळ दुखतं म्हणून झडपेला छेद घेण्याचा उपाय पूर्वी बराच केला जाई. अमेरिकेत त्याची कसून चाचणी झाली आणि निकाल २०१४ साली आला: खरा छेद घेतलेल्यांपैकी २३ टक्क्यांना गुण आला, तर छेद घेतल्याचं फक्त नाटक केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. अशा रुग्णांत हा छेद उपयोगाचा नाही आणि त्यातून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका मात्र असतो. कुणी हा उपाय सुचवला तर नलिका फुगली आहे का, रक्ततपासणीत दोष आहे का, हे शांतपणे विचारून घ्यावं.

जुलाबाच्या बाबतीत गोष्टी अधिक आशेच्या आहेत. पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबांवर नेमकं औषध आहे: कोलेस्टायरामीन नावाची पावडर. ती पाण्यात मिसळून घेतात. आतड्यात ती पित्ताम्लांना बांधून ठेवते आणि त्यांचं मोठ्या आतड्याला झोंबणं थांबतं. पित्ताम्लांची खास तपासणी परदेशात होते, आपल्याकडे ती सहज उपलब्ध नाही. म्हणून डॉक्टर अनेकदा हे औषधच काही दिवस देऊन पाहतात. जुलाब चटकन आवरले तर निदानही झालं आणि उपायही. लहान दुकानात ही पावडर नसू शकते, चिपळूणहून किंवा कराडहून मागवावी लागेल, आणि तिची चव कुणाला आवडत नाही. एक खबरदारी अगदी महत्त्वाची: ही पावडर बरोबरच्या दुसऱ्या औषधांनाही बांधून ठेवते. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची काही औषधं तिच्याआधी तासभर किंवा तिच्यानंतर चार ते सहा तासांनी घ्यावी लागतात. वर्षानुवर्षं घेतली तर स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जाणारी जीवनसत्त्वं कमी पडू शकतात, तेव्हा मधूनमधून तपासणी हवी. ही पावडर घेण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. पण तिचं नाव माहीत असणं आणि ‘माझ्या जुलाबांचं कारण पित्त असेल का?’ असं विचारता येणं, हे रुग्णाच्या हातात आहे.

ही पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायची आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ नेहमी राहून जाते. आपण दुसऱ्या आजारासाठी काय घेतो? मधुमेहाची मेटफॉर्मिन नावाची गोळी अनेकांना जुलाब करते. मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची द्रावणंही पोट सैल करतात. दूध न पचणाऱ्या माणसाला दिवसाकाठी चार कप दुधाचा चहा पुरेसा होतो. हे सगळं ऑपरेशनच्या नावावर जमा होतं. एक वही ठेवावी, साध्या शंभर पानी वहीतली चार पानं पुरतात: काय खाल्लं, किती वाजता, त्यानंतर किती वेळानं जावं लागलं, कसं झालं, रात्री झोपेतून उठावं लागलं का. हे लिहायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण पंधरा दिवसांची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली तर पाच मिनिटांच्या भेटीतही त्यांना जे दिसतं, ते ‘पोट बिघडतं’ या दोन शब्दांतून कधीच दिसणार नाही.

आता खाण्याविषयी. पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण खाण्यावर आहे आणि ते मुद्दामच. रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर ‘तेलकट, तुपकट, मसालेदार टाळा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोकणातल्या माणसानं ते वाचून काय करायचं? त्याच्या भाजीत नारळ, आमटीत नारळ, कालवणात नारळ, सोलकढीत नारळ. तो घाबरून सगळंच सोडतो आणि पेजेवर येतो. पेज चांगलीच आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत मऊ भात, पेज, पातळ ताक यांसारखं दुसरं काही नाही. पण पेजेवर सहा महिने राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे स्नायू जातात, चालताना दम लागतो, आणि स्निग्ध पदार्थ पुरते बंद केल्यानं त्यांचं पोट सुधारतही नाही. तेल-तूप शून्यावर आणायचं नसतं, ते दिवसभरात विभागायचं असतं. आता एकदम सोडायला पित्ताचा साठा नाही. थोडं थोडं पित्त सतत येतं, तर स्निग्ध पदार्थही थोडे थोडे यावेत. दोन भरपेट जेवणांऐवजी चार-पाच लहान खाणी, हा यातला सगळ्यात उपयोगी बदल.

नारळाचं म्हणाल तर ताज्या खोबऱ्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो. सगळ्या घराच्या भाजीत घातलेलं मूठभर खोबरं वाटून खाल्लं तर वाट्याला फार येत नाही. अख्ख्या नारळाच्या दाट दुधाची सोलकढी दोन वाट्या प्यायली तर येतं. सोलकढीऐवजी नुसत्या आमसुलांचं पातळ सार करावं. कोकम गेलं नाही, दूध गेलं. बांगडा आणि तारली तेलकट मासे, पहिल्या काही महिन्यांत ते कमी. मुडदुशी तर आपल्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देण्याचीच रीत आहे, तिचं पातळ कालवण बिनधास्त खावं. मासा तळून नको, कालवणात चालतो. कुळथाच्या पिठीत स्निग्धांश अगदी कमी आणि प्रथिनं चांगली. पण कुळथानं काहींच्या पोटात वारा धरतो, तेव्हा अर्ध्या वाटीपासून सुरुवात. कुळथाचं कढण मूतखड्यासाठी घराघरांत पितात, त्याचा पित्ताच्या खड्यांशी संबंध नाही. ते पिऊन पित्तनलिकेत राहिलेला खडा विरघळत नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दोन्ही चांगली. इसबगोलासारखा पाणी धरून ठेवणारा तंतू पातळ शौच बांधायला मदत करतो. तो रिकाम्या पोटी भसाभस न घेता जेवणाबरोबर चमचाभर घ्यावा आणि वाढवत जावा. फणस, काजू आणि तळलेल्या वड्या यांच्याबाबतीत प्रत्येकाचं पोट वेगळं. एका वेळी एकच पदार्थ परत आणावा, दोन-तीन दिवस पाहावं, मग पुढचा.

गणपतीतले मोदक खायचे की नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या बायका बहुतेक वेळा स्वतः शेकड्यानं मोदक वळणाऱ्या असतात. खायचा. एक, दुपारच्या जेवणात, तुपाची धार न ओतता चमचाभर घालून, आणि त्याच जेवणात भजी नको. सणाच्या दिवशी देवापुढच्या नैवेद्याला हात न लावता बाजूला बसलेली बाई स्वतःला आजारी समजू लागते, आणि हे समजणं पोटाच्या दुखण्यापेक्षा खोल जातं. घरच्यांनी तिच्या ताटात काय आहे यावर सतत टोकू नये. तिला कधी उठावं लागलं तर का उठली हे चारचौघांत विचारू नये. आतडं आणि मन यांचं नातं डॉक्टरही मानतात. भीतीनं आतड्याची हालचाल वाढते, हालचाल वाढली की भीती वाढते. पण त्यावरून ‘तुझ्या मनाचेच खेळ’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. सुरुवात पित्तानं केलेली असते.

पुढच्या पानांत हे सगळं सावकाश आणि तपशिलानं आलं आहे: पहिला महिना, प्रवास, पाळीचं काम, मधुमेह असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना, उपासाचे दिवस, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. कुठूनही वाचायला सुरुवात करावी. पण एक गोष्ट पुढच्या पानांवर सोडता येत नाही, ती इथेच सांगतो.

डोळे किंवा त्वचा पिवळी होणं, लघवी काळपट होऊन शौच पांढुरकं होणं, हुडहुडी भरून ताप येणं, बरगडीखालची कळ पाठीत जाऊन काही केल्या न थांबणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं जाणं, कारण नसताना वजन उतरत राहणं. यांतलं काहीही दिसलं तर ते खाण्यापिण्यानं बरं होणारं नाही, त्यासाठी वही लिहीत बसायचं नाही. विशेषतः ताप, कावीळ आणि कळ ही तीन एकत्र आली तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तिथे तासांना महत्त्व असतं. अशा वेळी सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा आणि कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणला पोचावं. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आलेली असेल तर कराडचा विचार सोडून थेट चिपळूणच्या बाजूला उतरावं. ऑपरेशनचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि पिशवीचा अहवाल एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून दाराजवळच्या कपाटात ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे घरातल्या किमान दोघांना माहीत असावं.